पानिपतची भूक आणि लडाखची बेगमी

वाचकहो, मृगाची पहिली सर पडण्याआधी घरात कशी धांदल असते ते तुम्हाला सांगायला नको. ज्वारी-बाजरी उन्हात घालून, कडुनिंबाचा पाला टाकून कणगीत भरली जाते. सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जातात. कडब्याची गंजी शाकारून घेतात. डाळी, तिखट-मीठ, पापड-कुरडया, सगळे डबे भरून होतात. एकदा ओढ्याला पाणी आले आणि वाट चिखलात बुडाली, की बाजार जवळ असून लांब होतो. या सगळ्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, बेगमी. ज्या घराने बेगमी केली ते आषाढात निवांत असते. ज्याने केली नाही त्याला पायलीभर दाण्यासाठी शेजाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

तुम्ही म्हणाल, हे आम्हालाच कशाला सांगता? सांगायचे कारण असे की लष्कराचेही अगदी हेच आहे. लढाईच्या गोष्टी आपण ऐकतो त्या तलवारीच्या, तोफांच्या, विमानांच्या. पण ज्यांनी लढायांचा इतिहास बारकाईने तपासला ते आधी वेगळेच प्रश्न विचारतात. दाणा कुठून येत होता? वैरण कोण आणत होते? वाट कोणाच्या ताब्यात होती? आज लडाखच्या आणि अरुणाचलाच्या सीमेकडे जाणाऱ्या वाटांवर सरकार डोंगर पोखरून बोगदे करीत आहे, त्यावर हजारो कोटी रुपये खर्च होत आहेत. हे कशासाठी, ते समजून घ्यायचे तर अडीचशे वर्षे मागे पानिपतावर जावे लागते, आणि त्याच्याही मागे चिपळूणला.

छावणीतला उंदीर

शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते राज्याभिषेकाच्या आगेमागेचे. चिपळूणजवळ हलवर्ण गावी पागेचा मुक्काम होता आणि पावसाळा तोंडावर आला होता. तेथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी हे पत्र लिहिले. त्यात शत्रूचे नावसुद्धा ओझरतेच येते. सगळे पत्र दाणा, गवत आणि आग यांवर आहे.

पत्राचा मतलब असा. पागेसाठी दाणा-वैरण जमवून ठेवली आहे, ती आत्ताच मनमानी उधळलीत तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. असे झाले तर जे कुणबी घर धरून राहिले आहेत तेही परागंदा होतील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे त्यांना वाटेल. तेव्हा जे हवे ते बाजारातून पैसे देऊन आणा. पुढे तर त्याहून बारीक सूचना आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, वारा न पाहता चिलीम ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर जळती वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि सारी पागा बुडेल.

ज्याच्या घरी गंजी आहे त्याला हे पत्र पटकन कळते. राज्य उभे करणारा माणूस उंदराचा विचार करतो, तो उगाच नाही. यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. साठा आधी करायचा आणि राखून वापरायचा, ही एक. जिथे फौज उभी आहे तिथली रयत टिकली पाहिजे, ही दुसरी. रयत उठून गेली की फौजेचा आधारच गेला.

पानिपतावर काय झाले

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा दिवस. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले, घरोघरची माणसे गेली, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ती लढाई हातातून जायला लागली त्या दिवसाच्या किती तरी आधी, हे तितके सांगितले जात नाही.

उदगीरचा विजय झाला होता. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब परतुराहून उत्तरेकडे निघाले. बरोबर लढणारी फौज होतीच, पण यात्रेकरू होते, बायकामुले होती, बाजारबुणगे होते. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी तोंडे जास्त होती असे इतिहासकार सांगतात. भरतपूरच्या सूरजमल जाटाने सल्ला दिला होता की बायकामुले आणि जड सामान मागे किल्ल्यात ठेवा आणि हलके होऊन लढा. तो मानला गेला नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, पण दिल्लीत ना धान्य होते ना पैसा. किल्ल्यातील दिवाणखान्याचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. ज्या घराला भांडी मोडून बाजार करावा लागतो त्या घराची अवस्था काय असते ते वेगळे सांगायला नको.

ऑक्टोबरच्या १७ तारखेला कुंजपुरा पडला. यमुनेकाठच्या या गढीत अब्दालीसाठी जमवलेला मोठा धान्यसाठा होता, तो मराठ्यांच्या हाती लागला. छावणीत पोटभर जेवण झाले. पण त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीस, अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. दक्षिणेची वाट तुटली. मराठे पानिपतला खंदक खणून राहिले. दिल्लीपासून हे ठिकाण जेमतेम नव्वद किलोमीटर, पण तेवढे अंतरही आता ओलांडता येईना.

वरवर पाहता दोघेही सारखेच अडकले होते. अब्दालीचाही मुलूख दूरच राहिला होता. फरक एवढाच की यमुनेपलीकडे दोआबात त्याचा साथीदार नजीबखान रोहिला होता, आणि तिकडून त्याला धान्य येऊ शकत होते. ही रसद तोडण्याचे काम भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांवर सोपवले. वयाने थकलेले ते गृहस्थ, कारभारात मुरलेले. काही दिवस त्यांनी अब्दालीच्या छावणीला खरोखर टंचाई लावली. डिसेंबरात त्यांच्यावर अचानक छापा पडला आणि ते मारले गेले. त्या दिवसापासून एका छावणीत दाणा येत राहिला आणि दुसरीत येईनासा झाला. माझ्या मते पानिपतच्या हकिकतीत संक्रांतीइतकाच हा डिसेंबरचा दिवस लक्षात ठेवायला हवा. आपण तो ठेवत नाही, कारण त्यात तलवारबाजी थोडी आणि धान्याचा हिशेब फार.

पुढचे दोन-तीन आठवडे फार वाईट गेले. रात्री गवत आणि सरपण आणायला बाहेर पडलेली माणसे कापली जात. घोडी उपाशी, बैल उपाशी. जनावराने दोन दिवस वैरण खाल्ली नाही तर ते औताला उभे राहत नाही. मग महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या घोड्यावर बसून दौड कशी करायची? शेवटी सरदार आणि शिपाई भाऊंकडे गेले. भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू असे ठरले आणि फौज दुसऱ्या दिवशी बाहेर पडली. त्या अवस्थेतही दुपारपर्यंत लढाई मराठ्यांच्या बाजूने झुकलेली होती, इतके ते शर्थीने लढले. शौर्यात कोठे उणे नव्हते.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभीचा एक ग्रंथ पाहा. तो पानिपतच्याही आधीचा. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. गडावर पाणी कसे असावे हे सांगताना त्यांनी बजावले आहे की एकाच झऱ्यावर भरवसा ठेवू नये. लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि तेव्हा पाण्याचा खर्च तर वाढतो. म्हणून जास्तीची टाकी खोदून ठेवावीत आणि ते पाणी जपून ठेवावे. हा एका झऱ्याचा नियम लक्षात ठेवा, कारण आता आपण हिमालयात जाणार आहोत.

रस्ता नसणे हाच बचाव?

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे उत्तर सीमेवर रस्ते करायला आपण बिचकत होतो. आपण रस्ता केला तर त्याच रस्त्याने शत्रू खाली उतरेल, असा विचार होता. २०१३ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत हे मान्य केले की सीमा अविकसित ठेवणे हाच उत्तम बचाव, असे धोरण अनेक वर्षे होते. विचार अगदीच वेडगळ होता असे नाही. गावाकडेही काही शेतकरी बांधावरची वाट मुद्दाम अरुंद ठेवतात, शेजाऱ्याची गाडी आत येऊ नये म्हणून. पण सुगीत आपलीच गाडी शेतात जाईना की त्याची किंमत कळते.

पलीकडे चीनने १९५७ पर्यंत अक्साई चीनमधून रस्ता पुरा केला होता. आपली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली मे १९६० मध्ये. दोनच वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, हल्ला झाला. पूर्वेकडे नामका चू या नदीकाठी आपली ७ वी ब्रिगेड उभी होती. तवांगच्या पुढे पायवाटा. अनेक जवानांच्या अंगावर उन्हाळी कपडे, जवळ थोडी काडतुसे. विमानातून टाकलेला माल दऱ्याखोऱ्यांत जाऊन पडे, हाती लागे तो थोडा. ब्रिगेडियर जॉन दळवी स्वतः पकडले गेले. सुटून आल्यावर त्यांनी यावर लिहिलेले पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना पानिपतची आठवण होते. तेथेही माणूस धीराचा होता, मागची वाट नव्हती.

युद्ध थांबले त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. कऱ्हाडकडच्या शेतकरी कुटुंबातला हा माणूस. त्यांच्या काळात पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली, सव्वाआठ लाखांची फौज उभी करायचे ठरले आणि डोंगरात लढण्यासाठी वेगळ्या पर्वतीय डिव्हिजन तयार झाल्या. त्यांची शस्त्रे हलकी, त्यांचे सामान खेचरांवर जाईल असे. लढाईतून शिकणे म्हणतात ते हे.

जवानाचा घास देशाच्या कणगीतूनच यायचा. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले आणि त्याच साली पाऊसही फिरला. गहू अमेरिकेहून बोटीने येत होता आणि तो किती नि केव्हा सोडायचा हे तिकडे ठरत होते. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारची संध्याकाळ उपाशी काढायची हाक दिली आणि जय जवान, जय किसान ही घोषणा दिली ती या पार्श्वभूमीवर. ज्याची कणगी दुसऱ्याच्या ओसरीवर आहे त्याला भांडणात आवाज चढवता येत नाही. १९६५-६६ साली देशात सुमारे १ कोटी ४ लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ साली तो २ कोटी ३८ लाख टन झाला. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेने डोळे वटारले तेव्हा दिल्लीला ते सोसवले, त्यामागे या गव्हाचाही हात होता.

त्याच १९७१ मधली एक गोष्ट शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावी अशी आहे. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांना विचारले की पूर्व पाकिस्तानात फौज केव्हा घालता? त्यांनी दिलेली कारणे ते स्वतः पुढे अनेकदा सांगत. पावसाळा येईल, बंगालच्या नद्या समुद्र होतील, हे एक. हिमालयातल्या खिंडी उघड्या आहेत, बर्फ पडून त्या बंद होईपर्यंत थांबू म्हणजे उत्तरेकडून दगा होणार नाही, हे दुसरे. आणि तिसरे असे की पंजाब-हरयाणात गव्हाची सुगी चालू आहे. फौज हलवायला मला सगळे रस्ते, सगळ्या वाघिणी लागतील. मग धान्य हलणार कशाने? दुष्काळ पडला तर बोल कोणाला लागेल? युद्ध थांबवून धरले गेले. ते ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला संपले, ९३ हजार लोक शरण आले. पेरणी केव्हा करायची हे ज्याला कळते त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

एका झऱ्यावरचे लडाख

आता तो एका झऱ्याचा नियम. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथे श्रीनगरहून जाणारा मुख्य रस्ता झोजी ला या खिंडीतून जातो. ही खिंडही सुमारे तेवढ्याच उंचीची. पूर्वी ती बर्फाने पाच-सहा महिने बंद असे. अलीकडे यंत्रांनी बर्फ उपसून ही मुदत पुष्कळ कमी केली आहे. दुसरा रस्ता मनालीहून, तोही बर्फात अडणारा. म्हणून उन्हाळ्याच्या महिन्यांत ट्रकांच्या रांगा लावून हिवाळ्याचा सगळा साठा वर चढवायचा, ही तिथली रीत. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल, डिझेल, औषधे, कपडे, दारूगोळा. आपला चातुर्मास पावसाचा, त्यांचा बर्फाचा. डिझेलसुद्धा थंडीत गोठते. उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल तिथे मिळू लागले ते २०१९ पासून.

१९९९ च्या मेमध्ये कारगिलच्या डोंगरात एक मेंढपाळ आपला हरवलेला याक शोधत फिरत होता. त्याला वर उंचावर परकी माणसे दिसली आणि त्याने फौजेला खबर दिली. हिवाळ्यात उंच ठाणी सोडून खाली यायची दोन्ही बाजूंची जुनी वहिवाट होती. तिचा फायदा घेऊन पाकिस्तानी सैनिक आपल्या बाजूच्या शिखरांवर येऊन बसले होते. तिथून खाली द्रास आणि कारगिलमधला लेहचा रस्ता तळहातासारखा दिसतो. रस्त्यावर गोळे पडू लागले, तेही नेमके साठा वर चढवण्याच्या हंगामात. बागपतला यमुना उतरून अब्दालीने जे केले तेच हे. माणूस मारण्याआधी वाट मारायची. या वेळी मात्र वाट सोडवली गेली. तोलोलिंग, टायगर हिल अशी शिखरे एकेक करून परत घेतली आणि २६ जुलैला युद्ध संपले. आपले ५२७ जवान गेले.

त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. काय चुकले ते तिने तपासले आणि २००० साली तिचा अहवाल संसदेपुढे आला. लेहला नवी १४ वी कोअर उभी राहिली. हिवाळ्यातही ठाणी सोडायची नाहीत असे ठरले. ऐकायला सोपे वाटते. पण हिवाळाभर वर राहणारा प्रत्येक जवान म्हणजे हिवाळाभराची शिधासामग्री, हिवाळाभराचे रॉकेल. शिखर राखायचा निर्णय दिल्लीत कागदावर होतो, तो पाळला जातो तो खेचराच्या पाठीवर. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान पडले, आणि त्या साली आणखी हजारो माणसांची हिवाळ्याची सोय पावसाळा संपायच्या आत करावी लागली.

म्हणून हे बोगदे. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. तवांगच्या वाटेवरचा सेला बोगदा मार्च २०२४ मध्ये, सोनमर्गचा जानेवारी २०२५ मध्ये. झोजी लाच्या मोठ्या बोगद्याचे काम २०२० साली सुरू झाले. निम्मू-पदुम-दारचा असा लेहकडे जाणारा तिसरा रस्ताही २०२४ साली जोडला गेला. एक झरा होता, आता जास्तीची टाकी खोदली जात आहेत. डोंगर फोडण्याने तिथल्या दरडी आणि पाण्याचे काय होईल ही काळजी खोटी नाही, आणि ती करणाऱ्यांना देशद्रोही म्हणण्याचे काही कारण नाही. पण रस्ता नसणे हाच बचाव, हे आता कोणी म्हणत नाही.

रयतेची गोष्टही पुन्हा पुढे आली आहे. सीमेवरची गावे ओस पडू लागली, पोरे शहराकडे गेली. एप्रिल २०२३ मध्ये अरुणाचलातल्या किबिथू या शेवटच्या टोकाच्या गावी सरकारने सीमेवरची गावे राखण्याची योजना सुरू केली, पहिल्या टप्प्यात ६६२ गावे. तिथे रस्ता, वीज, रोजगार असला तर माणूस टिकेल, आणि माणूस टिकला तर कोणाचा तरी याक हरवेल आणि कोणाला तरी वर परका माणूस दिसेल. हलवर्णच्या पत्रातला कुणबी घर धरून राहिला पाहिजे, तो याचसाठी.

इतके सगळे झाले तरी सगळे ठीक आहे असे समजू नका. २०२० साली संसदेत ठेवलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात त्याआधीच्या काही वर्षांचा हिशेब होता. उंच प्रदेशातल्या जवानांना बर्फाचे चष्मे, बूट, कपडे मिळायला उशीर झाला, आणि शिध्यात बदली पदार्थ दिल्याने अंगाला लागणारे अन्न कमी पडले, असे त्यात नोंदले होते. साताऱ्याच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. अशी गावे आपल्याकडे कमी नाहीत. तुमच्या घरचा किंवा भावकीतला कोणी वर असेल तर तो सुट्टीवर आला म्हणजे बंदुकीबरोबर हेही विचारा, मोजे वेळेवर मिळाले का, ताजी भाजी कितीदा आली.

ताज्या भाजीवरून आठवले. १९६२ सालीच संरक्षण खात्याने लेहला शेतीची एक प्रयोगशाळा सुरू केली. बर्फाळ वाळवंटात भाजी कशी पिकवायची हे शोधणे तिचे काम. जमिनीत चर खणून त्यावर पारदर्शक कापड ताणायचे आणि थंडीत आत पालेभाजी घ्यायची, अशा युक्त्या तिने तिथल्या शेतकऱ्यांना दाखवल्या. कोबी, फुलकोबी, बटाटा हे आज लेहच्या आसपास चांगले येते, आणि तिथल्या सहकारी संस्थांमार्फत फौज ते विकत घेते. खिंड बंद व्हायच्या आत लडाखी शेतकरीण बटाटे पोत्यात भरते. त्यातली काही पोती तिच्या घरच्या तळघरात जातात आणि काही ट्रकवर चढून वरच्या ठाण्यांकडे.